दिवाणजींची पुढची चाल

नौपाडा, ठाणे (प.)
रविवार, रात्री

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. तुझ्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळात खेळाडूंच्या पार्टीने मिठागरावर दिवाणाचा हरकारा गाठला, बार्बेरियनने विचारपूस करण्याआधीच कुऱ्हाड घातली आणि शिक्क्याचं पत्र आता रोगच्या (चोराच्या पात्राच्या) झोळीत आहे. आता तुझा खलनायक अंबुजनाथ दिवाण काय करणार, हा तुझा प्रश्न. पुढच्या रविवारी खारघरला पाचही जण जमायच्या आत उत्तर हवं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, दिवाणाला वाचवायच्या मागे लागू नकोस. पत्र पाण्यात पडलं, शाई फुटली, रात्रीत चोरी झाली, असलं काही करू नकोस. ते पत्र पोरांनी कमावलंय. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) हिसकावून घेतलं तर पुढच्या वेळी कोणी पुरावा शोधणारच नाही, सगळे थेट तलवार उपसतील.

एक कोरा कागद घे आणि मधोमध उभी रेघ मार. डावीकडे दिवाणाला काय ठाऊक आहे ते लिही. उजवीकडे ते त्याला कधी कळलं आणि कोणी सांगितलं. उजवा रकाना रिकामा राहिला तर डावीकडची ओळ खोडून टाकायची, दयामाया नको. पाताळयंत्री खलनायक फसतो तो बहुतेक इथेच. टेबलावर झालेलं सगळं डीएमला ठाऊक असतं, ते नकळत दिवाणाच्या डोक्यात उतरतं, आणि मग खेळाडूंना वाटतं की हा माणूस भिंतीतून ऐकतो.

तुझ्या खारबंदरात हे तासांवर मोजता येतं, कारण गाव खाडीवर आहे. कोळ्यांचा हिशोब तुला माहीतच आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. हरकारा वद्य पंचमीला पकडला, म्हणजे भरती पावणेचारला. मचवा तासभर आधी चढत्या पाण्यावर सुटतो. माणूस आला नाही, मचवा तसाच निघाला, दिवेलागणीला गावच्या धक्क्याला लागला. तेव्हा दिवाणाला कळलं ते एवढंच, की आपला माणूस आला नाही. कोणी पकडला, पत्र कोणाकडे आहे, माणूस जिवंत आहे की मेला, यातलं काहीच नाही. पार्टीचं नाव त्याच्या कानावर जाईल षष्ठीला दुपारी, वेशीवरचा शिपाई सांगेल तेव्हा. आणि शिपायाने पाहिलंय काय? रक्ताने माखलेला बार्बेरियन. म्हणून दिवाणाची समजूत अशी होऊ दे, की हे भाडोत्री लुटारू आहेत आणि पत्र विकायला काढतील. त्याचा हा गैरसमज फार मोलाचा आहे, सांभाळून ठेव. चुकीच्या माहितीवर हुशारीने वागणारा माणूस खरा वाटतो.

आता त्याच्यापुढे वाटा तीन : पत्र विकत घे, पत्रवाले मार, किंवा पत्र निकामी कर. पहिली तो करून बघेल, हलक्या हाताने, एखाद्या दलालाकरवी. दुसरी महाग आणि गाजावाजा करणारी. तिसरी त्याच्या स्वभावाची. षष्ठीच्या रात्री तो स्वतःच शिक्का पेटीतून काढून कारकुनाच्या कोनाड्यात ठेवेल आणि सप्तमीला राणीपुढे उभा राहून म्हणेल : माझा शिक्का गहाळ झालाय, माझ्या नावाने खोटी पत्रं फिरताहेत, चौकशी व्हावी, आणि चौकशी या परक्या शूरांकडेच सोपवावी.

बघ काय झालं. पार्टीच्या झोळीतला पुरावा दिवाणाच्याच फिर्यादीचा कागद झाला. वर त्यांना सनद मिळाली, मुक्काम मिळाला आणि टिपणं ठेवायला सरकारी कारकून. हा कारकून बिचारा प्रामाणिकच ठेव. तो रोज संध्याकाळी दिवसभराची हकीकत लिहून दफ्तरात देतो, कारण तेच त्याचं काम, आणि दफ्तर दिवाणाच्या हाताखाली. हेर म्हणून त्याला पकडायला काही मिळणार नाही, पण वहीतल्या गोष्टी दिवाणाला कळताहेत हे एका हुशार खेळाडूच्या लक्षात येईल आणि तो वहीत मुद्दाम खोटं लिहून घेईल. ती वाट मोकळी ठेव, आणि तसं झालं तर ती खोटी ओळ मुकाट्याने दिवाणाच्या कागदावर डाव्या रकान्यात चढव.

स्पेलचं (मंत्रांचं) म्हणशील तर २०१४ चे नियम आणि ५वी लेव्हल धरून लिहितो. स्क्राइंग (दुरून बघायचा मंत्र) त्यांना ९व्या लेव्हलला मिळेल, आत्ता विसर. काळजी दोनच स्पेलची. झोन ऑफ ट्रुथ, ज्यात सापडलेल्याला खोटं बोलता येत नाही : १५ फूट त्रिज्येचा घेर, १० मिनिटं, आणि सेव्ह (मंत्रातून सुटायचा फासा) कोणाचा लागला, कोणाचा हुकला हे टाकणाऱ्याला कळतं, त्यामुळे सेव्ह हुकल्याची बतावणी चालत नाही. मात्र उत्तर टाळायला मुभा आहे. म्हणून दिवाणासाठी तीन खरी वाक्यं आधीच लिहून ठेव. ‘त्या हरकाऱ्याला मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही.’ खरं, हरकारे त्याचा खासगी कारकून नेमतो. ‘हे पत्र माझ्या हातचं नाही.’ खरं, त्या कारकुनाने लिहिलंय. ‘षष्ठीपासून शिक्का माझ्या पेटीत नाही.’ हेही खरं, त्यानेच हलवलाय. पण कोणी नेमकं विचारलं, की ‘हे पत्र तुम्ही सांगून लिहवलंत का?’, तर त्याला राणीसाहेबांच्या परवानगीचा आडोसा घ्यावा लागेल, आणि तो आडोसा सगळ्या दरबाराला दिसला पाहिजे. तो क्षण खेळाडूंचा, त्यांना मिळू दे.

दुसरा स्पीक विथ डेड. पाच प्रश्न, आणि मेलेल्याला जिवंतपणी जेवढं ठाऊक होतं तेवढंच. प्रेताचा जबडा गायब करायची युक्ती जुनी झाली, नको ती. हरकाऱ्याला थोडंच ठाऊक असू दे : पत्र कोणत्या पायरीखाली मिळालं, कोणाच्या हाती द्यायचं होतं, पैसे कोणत्या थैलीतून आले. दिवाणापासून हरकाऱ्यापर्यंत माणसं तीन पुरेत, दिवाण, कारकून, हरकारा, आणि प्रत्येकाला फक्त आपल्या वरचा ठाऊक. चौथं नाव घातलंस की सेशनच्या मध्यावर कोणीतरी विचारणार, ‘हा कोण होता रे?’ म्हणजे साखळी तुटली.

आता चिंचोके. हसू नकोस. दहा चिंचोके वाटीत घालून पडद्यामागे ठेव, तेवढंच दिवाणाचं बळ. लाच किंवा अफवा, एक चिंचोका. खून किंवा अपहरण, दोन. स्वतः दरबारात उभं राहणं, तीन, कारण तिथे त्याची अब्रू पणाला लागते. शिक्क्याची फिर्याद केली की वाटीत सातच उरले. पार्टीने एखादी चाल उधळली तर ती दुसऱ्या मार्गाने पुन्हा करायला त्याला तेवढेच पुन्हा मोजावे लागतील. याने दोन कामं होतात. एक, तुझा हात आवरतो. डीएमकडे माणसं, पैसा, विष सगळं अमर्याद असतं, आणि अमर्याद खलनायकाला हरवता येतच नाही. दोन, वाटी रिती होत आली की दिवाण आपोआप काटकसर करायला लागतो, जुना माणूस दुसऱ्यांदा वापरतो, देणं थकवतो, आणि पकडला जातो. तू मुद्दाम चूक करवली असं वाटत नाही. आठवड्याला एक चिंचोका परत भर, जकातीतून. जकातीचा नाका पार्टीने बंद पाडला तर तोही नाही.

या सगळ्याच्या शेवटी त्याला हवंय काय, ते तुझ्या पत्रात ढोबळ आहे, ‘सत्ता’ एवढंच. त्याने चाल सुचत नाही. असं कर : त्याला मिठागरं चिखलाच्या भावात हवीत, कारण राणीच्या फौजेचा पगार मिठाच्या जकातीतून निघतो. मिठागरं ज्याची, फौज त्याची. आणि ती स्वस्तात मिळवायची तर वैशाखात, मिठाच्या राशी बांधाकडेने उभ्या असताना आणि पावसाआधी त्या हलवायची घाई चालू असताना, उधाणाच्या पाण्यात बांधाला खांड पाडायची. राशी विरघळल्या, आगरांत गाळ भरला, की कर्ज फिटत नाही, आणि कर्जखतं ज्याच्या हाती मिठागरं त्याची.

आता तारीख बघ. अष्टमीच्या आसपास भांग (कमी भरती) असतो, पाणी बांधाच्या माथ्याला पोचतच नाही. उधाण पौर्णिमेला आणि अमावास्येला, पण पौर्णिमेला लख्ख चांदणं. म्हणजे अमावास्याच, रात्री सव्वाअकराच्या सुमाराला, आणि खाडीच्या आतल्या टोकाला थोडं उशिरा. दिवाणाला ही तारीख बदलता येत नाही. खलनायकाच्या बेतात अशी एक गोष्ट असावीच जी त्याच्या हातात नाही, म्हणजे खेळाडूंना ती हिशोबाने काढता येते. मिठागरावरची एखादी म्हातारी पाऊणपटीचा हिशोब पहिल्याच सेशनला सहज बोलून जाऊ दे.

सहा भागांचं घड्याळ काढ, भाकरीसारखा गोल. पंचमीला हरकारा गेला, एक भाग. सप्तमीला फिर्याद. नवमीला उघाडीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) जुन्या रखवालदाराची बदली. एकादशीला सावकाराकडून कर्जखतांची खरेदी. चतुर्दशीला परगावचे सहा बेलदार धर्मशाळेत उतरतात. अमावास्येला खांड. प्रत्येक भाग भरला की गावात काहीतरी दिसलं पाहिजे, नाहीतर घड्याळ तुझ्या वहीतच फिरतं. नवमीला नवा रखवालदार, ज्याला उघाडीची फळी कुठल्या बाजूने उचलायची तेही येत नाही. चतुर्दशीला विहिरीचं कामही नसताना पहारी घेऊन आलेले बेलदार. एकेका निष्कर्षासाठी खुणा तीन पेर : एक त्यांच्या नजरेतून सुटते, एकीचा ते भलताच अर्थ लावतात, एक लागू पडते.

शिक्क्याची मुख्य खूण पत्रातच ठेव. पत्राची तारीख वद्य तृतीया. दिवाण म्हणतो शिक्का षष्ठीला गेला. मग तृतीयेच्या पत्रावर शिक्का कोणी मारला? ‘आधीच चोरला असेल, मला उशिरा कळलं’ असं तो म्हणणार, म्हणून पत्रावरच्या शिक्क्याच्या ठशाचा डावा कोपरा टवका उडालेला दाखव, आणि दफ्तरात चतुर्थीचा एक साधा जकातपरवानाही, दिवाणाच्या सहीचा, त्याच टवक्यासकट. चतुर्थीला शिक्का त्याच्याच हाती होता. कागद हातात द्यायचाच असेल तर कपभर पाण्यात दोन चमचे चहापूड उकळून, गाळून, गार करून त्यात कागद बुडव, सपाट वाळव आणि मगच लिही, बॉलपेनने. जेलची शाई आणि इंकजेटची छपाई दोन्ही पसरतात. हवा दमट असेल तर इस्त्री फिरव.

आपल्याकडे कारस्थान म्हटलं की ‘ध’चा ‘मा’ आठवतोच. आनंदीबाईने खरंच अक्षर बदललं की नाही ते सोड, पण पुढचं बघ. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव गेला, राघोबादादांना गादी मिळाली, आणि गंगाबाई गरोदर निघाली. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मला आणि बारभाईंनी त्या पाळण्याभोवती सगळा डाव फिरवला. तुझ्या दिवाणाच्या बेतातही असं एक गरोदरपण ठेव, त्याला ठाऊक नसलेलं. माझं मत विचारशील तर बदली झालेला जुना रखवालदार. उघाडी चालवायला त्याचा मुलगा शिकलाय, आणि ते कुठल्याच दफ्तरात नाही.

दिवाणाला पार्टीसमोर एकटा उभा करू नकोस. त्याची एक टर्न, त्यांच्या पाच. फायरबॉलचे ८ डी६ (सहा बाजूंचे आठ फासे) म्हणजे सरासरी २८, त्यावर पॅलाडिनचे दोन वार आणि स्माइट. ४० हिट पॉइंटचा माणूस राउंडभरही टिकत नाही. मिस्टी स्टेपने ३० फूट पळेल, पण समोरच्याचा मंत्र मोडणारा काउंटरस्पेल ६० फुटांपर्यंत पोचतो. त्याचं चिलखत म्हणजे दरबार, तिथे हत्यार उपसणं गुन्हा. तरीही कोणी उपसलं आणि तो मेला, तर मरू दे. सावकाराकडे खतं आहेत, बेलदारांना आगाऊ पैसे मिळालेत, अमावास्या यायचीच आहे.

इनसाइटचं (समोरचा काय लपवतोय ते ओळखायच्या कौशल्याचं) थोडक्यात : २० पडले तरी मन वाचता येत नाही. ‘तो काहीतरी राखून बोलतोय’ इतकंच सांग आणि दर वाक्याला फासे टाकू देऊ नकोस, पॅसिव्ह (फासे न टाकता) धर, १० अधिक बोनस. आणि फितूर एकच ठेव. दुसरा निघाला की ती पाच पोरं चहावाल्यावरही झोन ऑफ ट्रुथ टाकतील.

रविवारी सप्तमीपर्यंतच खेळव, सनद हाती पडली की थांब. माझ्याकडे मोठी चिंचोक्यांची पिशवी आहे. शनिवारी वाशीला येतोय, स्टेशनवर भेटलास तर देतो. घड्याळाचा कागद मात्र काढून आण, एकादशीचं सावकाराचं प्रकरण मला अजून थोडं कच्चं वाटतंय, ते तिथेच बसून पक्कं करू.

वहिनींना नमस्कार, चिंगीला गोड पापा.

तुझा,
अव्या