नोटिशीतल्या एका शब्दाविषयी

नौपाडा, ठाणे

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि नोटिशीचा मसुदा काल मिळाला. दिवाळी अंकातल्या तुझ्या कवितेखालचे नाव काढून, ती कुणीतरी ‘संकलित’ म्हणून आपल्या पुस्तिकेत छापावी, याचा मलाही फार संताप आला. परंतु मसुद्यात पाच ठिकाणी आलेला ‘चोरी’ हा शब्द तू छापण्याच्या कृतीला लावू नयेस, असे मनापासून वाटते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे चोरी होते ती दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या संमतीवाचून, लबाडीने हलवलेल्या जंगम वस्तूची. माझी सायकल गेली तर मला पायी जावे लागते. तुझी कविता आजही तुझ्या वहीत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने त्यासाठी ‘उल्लंघन’ असा निराळा शब्द योजला आहे, आणि तो काही मवाळ नाही: जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शिवाय उतरवून घेणे हीच चोरी म्हटली, तर मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून आपण वह्याच्या वह्या भरल्या, त्याला काय म्हणायचे? तुझी ती निळ्या पुठ्ठ्याची वही अजून माझ्याकडे आहे. प्रत्येक कवितेखाली तू कवीचे नाव लाल शाईने लिहून, पट्टी धरून अधोरेखित केले आहेस. एके ठिकाणी नाव चुकले, तर ते खोडून पुन्हा लिहिले आहेस.

सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवत असे, असे परंपरा सांगते. अभंग म्हटल्याबद्दल त्याला कुणी बोल लावला नाही, कारण वारकरी साडेतीनशेहून अधिक वर्षे तेच करीत आले आहेत; त्याने ‘तुका म्हणे’ पुसले, हे लोक विसरले नाहीत. आपल्या भाषेत वाङ्मयचौर्य म्हणतात ते याला, आणि तुझ्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. कलम ५७ प्रमाणे कवितेचे हक्क विकून टाकल्यावरही ती आपली असल्याचे सांगण्याचा अधिकार कवीकडेच राहतो.

म्हणून नाव वगळल्याची तक्रार पहिल्या परिच्छेदात घे, विनापरवानगी छपाई आणि मानधन त्यानंतर. अंकाचे ते पान व पुस्तिकेचे पान शेजारी शेजारी ठेवून झेरॉक्स काढ. शनिवारी वाशीहून येशील तेव्हा मूळ अंकही आण. मसुदा आपण पुन्हा एकदा सोबत बसून वाचू.

तुझा,
श्रीकांत