न दुखणारे दुखणे

चिरंजीव बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर आवाज चढला तो माझा, हे आधीच मान्य करतो. विम्याच्या तपासणीत तुझा रक्तदाब 164/104 भरला, डॉक्टरांनी आणखी दोन दिवशी बोलावून मोजला तरी वरचा आकडा 150 च्या खाली उतरला नाही, त्यांनी गोळी लिहून दिली आणि ती चिठ्ठी पाच आठवडे तुझ्या पाकिटात घडी घातलेली तशीच आहे, हे सगळे मला तुझ्याऐवजी सूनबाईकडून कळले, म्हणून मी संतापलो. "मला काहीही होत नाही, बाबा," एवढे बोलून तू फोन ठेवलास. या पत्रात गोळीचा विषय काढायचा नाही, असे ठरवून मी लिहायला बसलो होतो. पहिल्याच परिच्छेदात तो निघाला.

तुझे ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण ते मी पूर्वी ऐकले आहे आणि स्वतः उच्चारलेही आहे. आजोबांना बीपी आहे हे घरात सर्वांना ठाऊक होते. बरे वाटले की गोळ्या बंद आणि डोके जड झाले की दोन दिवस सुरू, असा त्यांचा क्रम होता. त्या सकाळी ते बुटाची नाडी बांधत होते आणि ती त्यांना बांधता येईना. उजवा हात नाडीपर्यंत जाई आणि तिथेच निपचित पडून राही. मी हसलो. माझे वय 19 होते, त्यांचा स्वभाव थट्टेखोर होता, आणि वाकडे झालेले तोंडही मला थट्टेचाच भाग वाटले. पुढची सहा वर्षे आत्याने त्यांना हाताने भरवले, हे तू अनेकदा ऐकले आहेस. मी हसलो होतो, हे मात्र आजवर कोणालाच ठाऊक नाही.

एवढे पाहूनही मी शहाणा झालो नाही. माझ्या पहिल्या गोळीने घोटे सुजत, म्हणून मी ती आपल्या मनाने बंद केली. डॉक्टरांना सांगितले असते तर त्यांनी दुसरी दिली असती, कारण या औषधांचे अनेक प्रकार आहेत. पुढे नऊ वर्षे मला खरोखरच काहीही झाले नाही. मग चष्म्याचा नंबर तपासायला गेलो असता डॉक्टरबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, पडदा बराच वेळ न बोलता पाहिला आणि विचारले, "तुमचा रक्तदाब किती असतो?" चिरफाड न करता रक्तवाहिन्या प्रत्यक्ष दिसाव्यात अशी शरीरातली ही एक दुर्मीळ जागा आहे, आणि तिथे माझ्या धमन्या अरुंद झालेल्या होत्या, त्यांच्या ओझ्याखाली शिरा चेपल्या होत्या, दोन ठिकाणी रक्त झिरपले होते. त्यांनी लघवी तपासायला सांगितली, तर तीत प्रथिने निघाली. मूत्रपिंडाची गाळणीही अशाच बारीक रक्तवाहिन्यांची बनलेली असते. ती बिघडली की मीठ आणि पाणी शरीरात साठते, त्याने रक्तदाब आणखी वाढतो आणि वाढलेला दाब गाळणी आणखी बिघडवतो.

तू रोज पहाटे तासभर पोहतोस, याचा मला किती अभिमान आहे हे तोंडावर सांगणे मला कधी जमले नाही. पोहणे सोडू नकोस, त्याने दाब काहीसा उतरतोही. पण 164 साठी तेवढ्यावर विसंबता येत नाही. दंडाचा स्नायू जाड झाला की तू आरशात पाहतोस. वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाचा डावा कप्पाही तसाच जाड होतो, पण तो ताठर होतो आणि पुढे थकतो. शिवाय खांद्यासाठी तू ज्या वेदनाशामक गोळ्या वरचेवर घेतोस, त्यांतल्या बऱ्याच रक्तदाब वाढवणाऱ्या आणि मूत्रपिंडाला जाच करणाऱ्या असतात. ती गोळी चालते आणि ही चालत नाही, हे मला समजत नाही.

1944 च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब 186/108 होता, आणि 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असूनही त्यांना देता येईल असे सोसवणारे आणि गुणकारी औषध तेव्हा नव्हते. रोज घेता येईल अशी, लघवीवाटे जादा मीठ-पाणी बाहेर काढणारी थायाझाइड जातीची गोळी 1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीस आली. तुझी गोळी तुझ्या पाकिटातल्या चिठ्ठीवर आहे. क्षमा कर, निवृत्त झालो तरी समोर वर्ग बसल्यासारखे बोलण्याची खोड जात नाही. "एकदा सुरू केली की जन्मभर," ही तुझी भीती मला कळते. ती मलाही होती.

आता जे सांगायचे टाळत होतो ते लिहितो. मूत्रपिंड नीट गाळत नसले की रक्तात साठणारे क्रिएटिनिन गेल्या महिन्यात माझे 1.9 आले. तपासणीच्या कागदावर वरची मर्यादा 1.3 छापलेली आहे. गेलेले परत येणार नाही, उरलेले सांभाळायचे, असे डॉक्टर म्हणाले. मला धाप नाही, सूज नाही. मला काहीही होत नाही.

सोबत दंडाला पट्टा बांधायचे यंत्र पाठवत आहे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-कॉफी नको. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बस, हात हृदयाच्या पातळीवर असू दे, मोजताना बोलू नकोस, आणि मिनिटाभराने पुन्हा एकदा मोज. सकाळ-संध्याकाळ असे सात दिवस लिहून डॉक्टरांना दाखव. घरच्या मोजणीत 135/85 किंवा त्याहून जास्त सरासरी ही वाढलेलीच समजतात. 180/120 च्या वर आकडा जाऊन छातीत दुखले, धाप लागली, दिसेनासे झाले, बोलणे अडखळले किंवा हातापायातली शक्ती गेली, तर थांबू नकोस, सूनबाईला रुग्णवाहिका बोलवायला सांग. शेवटचे वाक्य खोडणार होतो, पण राहू दे.

रागावला असशील तर उत्तरात दुसरे काही लिहू नकोस, फक्त ते आकडे पाठव.

तुझे बाबा

ता. क. : यंत्राचा पट्टा मुद्दाम मोठ्या मापाचा घेतला आहे, लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो, आणि तुझा दंड माझ्यासारखा नाही. क्रिएटिनिनचे आईला अजून सांगितलेले नाही.