वारीतले टॉवर आणि भरलेली रेंज

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आषाढीला पंढरपुरात फोन लागत नाहीत म्हणून तात्पुरते टॉवर आणखी वाढवावेत, असा सूर आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत वारंवार उमटतो. दूरसंचार क्षेत्रात उमेदीची वर्षे घालवलेल्या मला ही मागणी अर्धवट वाटते. चंद्रभागेच्या वाळवंटात फोनवर रेंज पूर्ण दिसते आणि तरीही फोन लागत नाही, याचे एक कारण असे की त्या दांड्या लहरींचा जोर दाखवतात, शेजारच्या टॉवरचा व्यत्यय दाखवत नाहीत.

हा व्यत्यय एकाच युक्तीने कधीच आवरला नाही. जीएसएम या टू-जी मोबाइल पद्धतीत लहरींच्या ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात २०० किलोहर्ट्झचे १२४ भाग पाडून प्रत्येकावर आठ जणांना आळीपाळीने बोलू देत असत. रेडिओशेजारी फोन ठेवल्यावर येणारी टर्र टर्र ही सेकंदाला सुमारे २१७ वेळा येणारी ती पाळीच होती. शेजारच्या टॉवरला तीच वारंवारिता, म्हणजे पट्ट्यातला तोच भाग, द्यायची नाही, हा तेव्हाचा दंडक. सीडीएमए या दुसऱ्या मोबाइल पद्धतीने तो मोडला आणि सर्वांना एकाच पट्ट्यात, निरनिराळ्या कोडने, एकदम बोलू दिले. मात्र टॉवरजवळच्या फोनने लांबच्याला गिळू नये म्हणून प्रत्येक फोनची लहरी पाठवण्याची शक्ती सेकंदाला ८०० वेळा कमी-जास्त करावी लागे.

फोर-जीतही शेजारी टॉवर बहुधा एकच पट्टा वापरतात आणि त्यातले वेळेचे व वारंवारितेचे बारीक तुकडे ग्राहकांना वाटतात. दोन टॉवरांच्या सीमेवर दोघांनी एकाच क्षणी तोच तुकडा वापरला की तिथला ग्राहक अडकतो. म्हणूनच अँटेना खाली न झुकवता आणि शक्ती न घटवता नवा टॉवर उभा केला, तर अशा सीमा तेवढ्या वाढतात. फाइव्ह-जीत अनेक अँटेनांतून झोत वळवून दिशेचीही वाटणी होते, पण ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाठवणे आणि ऐकणे आळीपाळीने चालत असल्याने सर्व कंपन्यांच्या टॉवरांनी एकच ताल धरावा लागतो, नाहीतर एकाचे पाठवणे दुसऱ्याच्या ऐकण्यावर पडते.

तेव्हा पुढच्या वारीत टॉवरांच्या आकड्याबरोबर अँटेनांचा झुकाव, शक्ती आणि कंपन्यांमधील ताळमेळ यांचाही तपशील जाहीर व्हावा. त्याची चाचणी दशमीच्या गर्दीत घ्यावी. आठवडाभर आधी रिकाम्या वाळवंटात घेतलेल्या चाचणीत फोन लागणारच.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार अभियंता, सोलापूर