आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : मानेचा पेशंट आला की त्याचे हात बघायला सांगा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यात फिजिओथेरपी करतो. मानेचे पेशंट माझ्याकडे चिठ्ठी घेऊनच येतात : 'स्पॉन्डिलोसिस, ट्रॅक्शन द्या.' म्हणजे मणक्याची झीज आहे, मान वजनाने ताणून द्या. बहुतेकांची मानदुखी साधीच असते, शेक आणि व्यायामावर भागते. हे पत्र उरलेल्यांसाठी आहे. त्यांची मान फारशी दुखतही नाही. पण मानेत मज्जारज्जू, म्हणजे मेंदूकडून हातापायांकडे जाणारी नसांची दोरी, दाबला जात असतो (सर्व्हायकल मायलोपॅथी), आणि म्हणून तक्रार असते हातापायांची.

यावलकडच्या एक मावशी म्हणाल्या, 'मना हात मनं ऐकत नही.' भाकरी थापताना कड फाटते. ब्लाऊजचे हूक सून लावून देते. पायातली चप्पल वाटेत गळून पडते आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. कापसावर चालल्यासारखं वाटतं, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. पिशवीत काय, तर बी-१२ ची इंजेक्शनं, शुगरचा रिपोर्ट, मानेचा पट्टा आणि 'मणक्यात गॅप आहे' असं सांगून काढलेला एक्स-रे. बी-१२ तपासणं चूक नव्हे, त्याच्या कमतरतेनेही असंच होतं. पण इंजेक्शनांनी फरक पडेना तेव्हा पुढचा विचार कुणी केला नाही. साठीनंतर मणक्याची झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसतेच, आणि मज्जारज्जू एक्स-रेत दिसत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. परदेशातल्या अभ्यासांतही हा आजार ओळखायला सरासरी दोन वर्षांहून जास्त काळ जातो. आपल्याकडे त्यात रावेर-चोपड्याची केळीची कापणी येते, चुंबळ ठेवून डोक्यावरून घड वाहणारी माणसं येतात, बाजार समितीतले हमाल येतात, सातपुड्यातून मोळ्या आणणाऱ्या बाया येतात. डोक्यावरच्या ओझ्यानेच हे होतं असं मी म्हणणार नाही. वयाची झीज, सरकलेली चकती, कण्यातली जन्मतः अरुंद पोकळी, मणक्यामागच्या अस्थिबंधाचं हाड होणं, अशी कारणं अनेक. पण आधीच जागा उरली नाही अशा मानेवर रोज ओझं ठेवणं बरं नव्हे, एवढं नक्की.

संशय येण्यासाठी एमआरआय लागत नाही, दोन-तीन मिनिटं लागतात. दहा सेकंदांत मूठ जितक्या वेळा पूर्ण उघडझाप करता येईल तितकी करायला सांगा. निरोगी हात साधारण वीसच्या वर जातो. मधल्या बोटाचं नख टिचकीने दाबून सोडा. अंगठा आपोआप आत वळला तर ते हॉफमनचं लक्षण, मज्जारज्जूवर दाब असल्याची एक खूण. टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालवून बघा. गुडघ्यावर हातोडी मारा, पाय फारच जोरात उडतो का ते बघा. आणि लघवी धरवते का, हे विचारा. विचारल्याशिवाय बाया सांगत नाहीत. एखादी खूण नसली म्हणून आजार नाही असं नव्हे. पण दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर पेशंटला ट्रॅक्शनला नव्हे, एमआरआयला पाठवायला हवं.

पुढचं ऑपरेशनच, असाही समज आहे, आणि त्या भीतीने लोक घरीच बसतात. तसं नाही. १८ गुणांची एक मोजपट्टी आहे : हात, पाय, संवेदना आणि लघवी यांची. गुण जितके कमी, तितका आजार जास्त. १५ ते १७ म्हणजे सौम्य. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अशांना ऑपरेशन किंवा देखरेखीखालचे व्यायाम, दोन्ही पर्याय देता येतात. १४ किंवा त्याहून कमी गुण असलेल्यांना, मध्यम असो वा तीव्र, ऑपरेशनच सुचवलेलं आहे. एमआरआयत दाब दिसतो पण त्रास काहीच नाही, त्याला आधीच कापायची गरज नसते.

मात्र ऑपरेशन न करणं म्हणजे गोळ्या देऊन सोडून देणं नव्हे. डोक्यावरचं ओझं बंद. ट्रॅक्शन नाही, मानेला झटका नाही. सलूनमध्ये चंपीनंतर मान 'कडकन' मोडून घेणं तर अजिबात नाही. कॉलर थोडेच दिवस, नाहीतर स्नायू ढिले पडतात. तोल आणि हाताच्या पकडीचे व्यायाम, घरात पडू नये याची व्यवस्था. मोटारसायकलवरून घसरून पडणं अशा मानेला फार महागात पडतं, कधीकधी हात क्षणात लुळे होतात. आणि काही महिन्यांनी तेच गुण पुन्हा मोजायचे. घसरले, की सर्जनकडे लगेच. कारण ऑपरेशनने बिघाड बहुधा थांबतो, पण गेलेलं सगळं परत येईलच असं नाही.

हे सगळं करायचं कुठे? धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला मोजणीसाठी जिल्ह्याला यायचं तर दिवसाची मजुरी जाते. दोनदा येईल, तिसऱ्यांदा येणार नाही. म्हणून मागणी एवढीच : आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणात ही तपासणी घाला. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचं पद असू द्या आणि ते भरलेलं असू द्या. बीपी-शुगरच्या रुग्णांची नोंद गावात ठेवता, तशी या रुग्णांच्या गुणांचीही ठेवा; पुढच्या मोजणीची तारीख आशाताईंकडे असली की माणूस हरवत नाही. ट्रॅक्शनची चिठ्ठी लिहिण्याआधी 'हात तपासले' अशी एक ओळ केसपेपरवर सक्तीची केलीत, तर त्याला वेगळा निधीही लागणार नाही.

आपला,
जळगाव जिल्ह्यातील एक फिजिओथेरपिस्ट