गावच्या ग्रंथपालाच्या पगाराविषयी उच्च व तंत्र शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्र शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : ‘ड’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयांतील ग्रंथपालांचा पगार परिरक्षण अनुदानापासून (ग्रंथालय चालवण्यासाठी शासनाकडून मिळणाऱ्या वार्षिक अनुदानापासून) वेगळा करण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातल्या एका गावात ‘ड’ वर्गाचे, म्हणजे शासनमान्य ग्रंथालयांच्या सर्वांत खालच्या वर्गातले, सार्वजनिक वाचनालय आहे आणि गेली अकरा वर्षे मी त्याचा सचिव आहे. हे पद बिनपगारी आहे, तसे ते असावे असेच मला वाटते आणि त्याबद्दल माझे काहीही मागणे नाही. हे पत्र मी लिहितो आहे ते आमच्या ग्रंथपालांसाठी. सारे गाव त्यांना वहिनी म्हणते. आपले नाव कुठे छापून येऊ नये अशी त्यांची इच्छा असल्याने मीही या पत्रात त्यांना वहिनीच म्हणणार आहे.

वाचनालयाला ग्रामपंचायतीने दिलेल्या दोन खोल्या आहेत. दाखल नोंदवहीत तीन हजारांहून थोडी अधिक पुस्तके आहेत. सकाळी सातच्या एसटीने वर्तमानपत्रे येतात. त्याआधी वहिनींनी कुलूप उघडून, झाडलोट करून, बाकांवर फडके फिरवलेले असते. पेपर वाचायला येणारी मंडळी नऊपर्यंत पांगली की त्या घरी जातात आणि शिलाई मशीनवर बसतात, कारण त्यांचे घर त्या मशीनवर चालते. संध्याकाळी पाच ते आठ वाचनालय पुन्हा उघडते. नोंदीत या कामाचे स्वरूप एवढेच दिसते : दोन वेळा उघडणे, देवघेव नोंदवही भरणे आणि वाचकांच्या सह्या घेणे. प्रत्यक्षात त्या काय करतात ते कोणत्याही रकान्यात मावत नाही, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

वाचनालय पाराजवळ आहे आणि पारावर दिवसभर पुरुष बसलेले असतात. त्यामुळे गावातल्या बायका, विशेषतः नव्याने नांदायला आलेल्या मुली, तिथे येऊन पुस्तक निवडायला धजत नव्हत्या. सभासदांच्या यादीत बायकांची नावे होती, पण बहुतेकींची पुस्तके त्यांचे नवरे किंवा मुले स्वतःच्या मर्जीने उचलून नेत. वहिनींनी कोणालाही न विचारता दर मंगळवारी दुपारी कापडी पिशवीत वीस-पंचवीस पुस्तके आणि एक छोटी वही घेऊन आळीआळीने फिरायला सुरुवात केली. ओट्यावर बसून त्या पुस्तके मांडतात, बायका चाळून बघतात, आपल्या मनाने घेतात. पहिल्या वर्षी पाककृती आणि व्रतकथा यांपलीकडे मागणी गेली नाही. आज त्याच बायका आत्मचरित्रे मागतात, आणि एखादे पुस्तक आवडले नाही तर का आवडले नाही तेही सांगतात. या फेरीचा एक रुपयाही त्यांना मिळत नाही आणि आम्हीही तो कधी देऊ शकलो नाही.

आमच्या भागातले मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन घाटाखाली किंवा नदीकाठच्या मुलखात उतरतात. त्यांची काही मुले शाळेसाठी मागे राहतात, काही बिऱ्हाडाबरोबर जातात. बरोबर जाणाऱ्या मुलांना वहिनी चार-चार पुस्तके बांधून देतात आणि परत येईपर्यंत ती मागत नाहीत. नियमाप्रमाणे एवढा काळ पुस्तक बाहेर ठेवता येत नाही. मी सचिव म्हणून पहिल्यांदा हरकत घेतली होती. हरवलेल्या पुस्तकांची किंमत आपल्या पगारातून कापावी असे त्यांनी मला सांगितले. तशी वेळ आजवर दोनदाच आली. एक पुस्तक पावसात भिजले होते आणि दुसरे करडाने खाल्ले होते. दोन्हींचे पैसे कार्यकारी मंडळाने भरले.

यापलीकडे पोलीस भरतीची आणि तलाठी परीक्षेची तयारी करणारी दहा-बारा मुले मागच्या खोलीत रात्री अभ्यासाला बसतात, त्यांच्यासाठी किल्ली कोणाकडे ठेवायची याचा निर्णय त्याच घेतात. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यापासून डाळिंबाची लागवड वाढली आणि तेल्या रोगाने बागा जाऊ लागल्या, तेव्हा कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका मागवून त्या दर्शनी भागात लावण्याचे त्यांनाच सुचले. दृष्टी गेलेल्या एका निवृत्त शिक्षकांना त्या रोज अर्धा तास पेपर वाचून दाखवतात. गलाईच्या व्यवसायासाठी परराज्यांत, अगदी केरळ-तमिळनाडूपर्यंत गेलेली आमची माणसे जत्रेला गावी येतात, तेव्हा आधी ग्रामदैवताला आणि मग वाचनालयात येऊन वर्षाची वर्गणी भरतात. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या अशाच एका गृहस्थांनी दिलेल्या तीन लोखंडी कपाटांत आज आमचा बालविभाग आहे. ही माणसे वाचनालयाला पैसे देतात त्यामागे वहिनींनी वर्षभर राखलेला विश्वास आहे, हे मी जबाबदारीने लिहितो.

आता त्यांच्या पगाराविषयी. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सार्वजनिक ग्रंथालयांच्या परिरक्षण अनुदानात ६० टक्के वाढ केली. त्या निर्णयाने ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान ३०,००० वरून ४८,००० रुपयांवर गेले. दहा वर्षांनंतर झालेली ती वाढ होती आणि तिच्याबद्दल आम्ही आभारी आहोत. परंतु अनुदानाचा निम्मा भाग पगारावर आणि उरलेला निम्मा पुस्तके, नियतकालिके, वीज, जागा, लेखापरीक्षण अशा सर्व गोष्टींवर, ही वाटणी कायम राहिली. ४८,००० चे निम्मे २४,००० होतात आणि ते बारा महिन्यांवर वाटले की महिन्याला २,००० रुपये येतात. दिवसाचे हे सासष्ट-सदुसष्ट रुपये झाले. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरलेली होती. टक्केवारीची वाढ या दुखण्यावरचा उपाय ठरू शकत नाही, कारण ज्या पायावर ती मिळते तो पायाच फार लहान आहे. २,००० रुपयांवर आणखी पन्नास टक्के दिले तरी ती रक्कम तीन हजारांपलीकडे जात नाही.

हा पगार दर महिन्याला मिळत नाही, याचा त्रास त्याहून मोठा आहे. अनुदान हप्त्यांनी येते आणि हप्ता कधी येईल ते आम्हाला आधी कळत नाही. एका वर्षी वहिनींना सात महिन्यांचा पगार मार्चच्या अखेरीस एकदम मिळाला. त्या सात महिन्यांत त्यांच्या मुलीची बारावीची परीक्षा होती. कार्यकारी मंडळाने आपसांत गोळा करून दोन वेळा उचल दिली, पण उचल घेताना त्यांना वाटलेला संकोच मी पाहिला आहे आणि त्याची मला आजही लाज वाटते. कोणा अधिकाऱ्याने हयगय केली असे मला म्हणायचे नाही. माणसाचा पगार आणि पुस्तकांची खरेदी एकाच थैलीत घातली की थैली उशिरा आली तर दोन्ही अडतात, आणि पुस्तके थांबू शकतात तसे माणसाचे पोट थांबू शकत नाही.

महोदय, या कामात महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४०चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. आमच्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, ग्रंथालयांसाठी कायदा केला. आमचा आटपाडी तालुका औंध संस्थानात होता, आणि त्या संस्थानाने १९३९ साली गावपंचायतींच्या हाती कारभार देणारी राज्यघटना स्वीकारली होती. पुढे १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आला आणि १९७० च्या नियमांनी मान्यता व अनुदानाची चौकट घालून दिली. लोकांनी ग्रंथालय काढावे, चालवावे आणि शासनाने त्याला साहाय्य करावे, हा त्या चौकटीचा गाभा मला आजही योग्य वाटतो. ही ग्रंथालये सरकारी करा अशी मागणी मी करणार नाही. तसे झाले तर मंगळवारची पिशवी दुसऱ्या दिवशी बंद पडेल. परंतु त्या चौकटीत ग्रंथपालाला जवळपास स्वयंसेवक धरले गेले आणि पन्नासहून अधिक वर्षांत ते गृहीत बदलले नाही. व्यंकप्पा पत्की समितीने ग्रंथालय कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती यांविषयी शिफारशी केल्या, त्यालाही आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला.

या मागणीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो मी टाळणार नाही. काही ग्रंथालये केवळ कागदावर होती. २०१२ साली महसूल यंत्रणेमार्फत राज्यभर पडताळणी झाली, ती व्हायलाच हवी होती. ज्यांनी कुलूपबंद खोलीच्या नावावर अनुदान उचलले त्यांनी आमच्यासारख्यांचे फार मोठे नुकसान केले आहे आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात जराही सहानुभूती नाही. पण त्या पडताळणीनंतर नव्या मान्यता आणि दर्जावाढ दीर्घकाळ अडून राहिली आणि प्रामाणिकपणे चालणाऱ्या ग्रंथालयांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. संशयाचे निरसन करण्याचा मार्ग माझ्या मते गावातच आहे. प्रत्येक अनुदानित ग्रंथालयाने आपली वर्षभराची वाचक उपस्थिती, देवघेवीचे आकडे आणि जमाखर्च ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत तपासणीच्या कागदपत्रांत जोडणे बंधनकारक करावे. वाचनालय उघडे असते की बंद, हे गावापासून लपून राहत नाही. आम्ही मागील तीन वर्षे हे स्वतःहून करतो आहोत. गेल्या वर्षी ग्रामसभेत एका शेतकऱ्याने, रविवारी संध्याकाळी वाचनालय बंद का होते, असे विचारले. आम्हाला उत्तर द्यावे लागले आणि ते मला आवडले.

तेव्हा आपणाकडे माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. ग्रंथपालाचा पगार परिरक्षण अनुदानातून वेगळा काढून त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी, तो दरमहा थेट त्यांच्या बँक खात्यावर जमा व्हावा आणि जितके तास ग्रंथालय उघडे असते तितक्या तासांची किमान वेतनाच्या दराने होणारी रक्कम त्याचा आधार असावी. सुरुवात सगळ्या वर्गांपासून करणे शक्य नसेल तर ‘ड’ वर्गापासून करावी, कारण तिथे ग्रंथपालाखेरीज दुसरा कर्मचारी नसतो आणि ते काम सोडून गेले की ग्रंथालयाचे दारच बंद होते. आमच्या पंचक्रोशीतली दोन वाचनालये अशीच बंद पडली. एकाच्या ग्रंथपाल द्राक्षबागेत रोजावर जातात आणि दुसरे पुण्याला सुरक्षारक्षकाचे काम करतात. दोघांनीही ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केलेला आहे.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या वाचनालयात मुलांनी पेढे वाटले होते. त्या मुलांच्या हाती मराठी पुस्तक देणारी व्यक्ती महिन्याला किती रुपयांत ते काम करते, हे आपल्या विभागाने अर्थसंकल्पाच्या तयारीत एकदा समोर ठेवून पाहावे, एवढीच विनंती मी त्या प्रसंगाच्या आठवणीने करतो.

हे पत्र पाठवण्यापूर्वी मी वहिनींना वाचायला दिले. त्यांनी दोन दुरुस्त्या केल्या. मागच्या खोलीत अभ्यासाला बसणाऱ्या मुलांची संख्या मी वीस लिहिली होती, ती त्यांनी नोंदवही काढून दहा-बारा केली. दुसरी दुरुस्ती म्हणजे एक अट आहे आणि ती त्यांच्याच शब्दांत देतो : ‘पगार वेगळा केला म्हणून पुस्तकांच्या वाट्याला कात्री लावू नका, नाहीतर मला तो नको.’

कळावे,

आपला विश्वासू,
सचिव,
एक ‘ड’ वर्ग सार्वजनिक वाचनालय,
ता. आटपाडी, जि. सांगली