चष्म्यातल्या कॅमेऱ्याबद्दल माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

पुण्याच्या तुळशीबागेत माझं बांगड्यांचं दुकान आहे. परवा एक मुलगी आईबरोबर साखरपुड्यासाठी बांगड्या भरायला आली. साबणाचं पाणी लावून मी डाव्या हातात सात-आठ चढवल्या होत्या. समोर जाड काळ्या फ्रेमचा चष्मा लावून एक मुलगा बराच वेळ उभा होता. फ्रेमच्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा दिवा लागलेला मुलीच्या आईला दिसला, म्हणजे चष्म्यातला कॅमेरा चालू होता. मी हटकलं, तर म्हणाला, “रस्ताच आहे ना, इथे कसलं प्रायव्हेट?” मुलीने हात काढून घेतला. बांगड्या उतरवून दोघी निघून गेल्या.

साहेब, कुणी मोबाइल उगारला तर कळतं. पदर सावरता येतो, तोंड फिरवता येतं, दोन शब्द सुनावता येतात. चष्मा लावलेल्या माणसाचं काय करायचं? असे चष्मे मे २०२५ पासून आपल्याकडे उघड विकले जातात, सुरुवातीला तीसेक हजारांपासून मिळायचे. अमेरिकेत २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी अशाच चष्म्याला चेहरा शोधणारी यंत्रणा जोडून अनोळखी माणसांची नावं-पत्ते काढून दाखवले. धोका दाखवण्यासाठीच केलं त्यांनी, पण झालं ना!

त्या मुलाला उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच दिलंय. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, आणि माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून तो हक्क संपत नाही, असंही निकालात आहे. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं कलम ३ वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरणाऱ्याला वगळतं. गुन्ह्यांच्या कायद्याचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं, कलम ७७ बाईच्या खासगी कृतीच्या चित्रीकरणापुरतं. बांगड्या भरणं त्यात कुठून बसणार? “माझ्यासाठीच काढलं” म्हटलं की तो मोकळा.

सरसकट बंदी मी मागत नाही. दृष्टिहीनांना हे चष्मे पाटी वाचून दाखवतात, ते राहायलाच हवं. पण सरकारी दवाखाने, पीएमपीच्या बस, पालिकेचे जलतरण तलाव इथे चष्म्याने चित्रीकरण करायचं नाही, असा नियम राज्य करू शकतं. दिवा झाकून वापरणाऱ्याला दंड हवा. चौकीत गेल्यावर “यात गुन्हा काय?” असं न विचारता तक्रार लिहून घ्यायला हवी. केंद्राकडे कलम ३ मधली ही पळवाट बुजवायचा आग्रह तुम्हीच धरू शकता.

मसुदा कराल तेव्हा इथल्या बायकांनाही विचारा. दुपारी तीनच्या सुमाराला गर्दी कमी असते, सविस्तर बोलता येईल.

आपली,
तुळशीबागेतली एक दुकानदार