हंताव्हायरस: आधी नकाशा बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हंताव्हायरसची बातमी आली की व्हॉट्सॲपवर नुसता धुमाकूळ. २०२० च्या मार्चमध्ये चीनमधल्या युन्नानचा एक माणूस बसमध्ये वारला आणि हंताची टेस्ट पॉझिटिव्ह आली, तेवढ्यावर 'कोरोनानंतर आता हा' असे फॉरवर्ड फिरायला लागले. पेपरवाले पण (तुम्हीसुद्धा) 'उंदरांपासून होणारा जीवघेणा आजार' एवढं छापून मोकळे. अहो पण कुठला उंदीर, कुठल्या देशातला?

हा काही एकच व्हायरस नाही, बरेच आहेत आणि प्रत्येकाचा उंदीर ठरलेला, त्यामुळे तो उंदीर जिथे राहतो तिथेच तो आजार. अमेरिकेत १९९३ मध्ये न्यू मेक्सिको-ॲरिझोनाकडे जो सापडला तो डिअर माउस नावाच्या तिकडच्या उंदरातला, फुप्फुसात पाणी भरतं आणि शंभरातले पस्तीस-चाळीस जातात, पण जवळपास सगळ्या केसेस मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला, म्हणजे पूर्वेकडच्या न्यू जर्सीतल्या मावशीला लगेच फोन करायची गरज नाही. उलट फिनलंडमध्ये दुसराच हंता दरवर्षी हजारावर लोकांना होतो, पण तो किडनीवर जातो आणि मरणारे शंभरात एकसुद्धा नाही. जर्मनीत तोच प्रकार, आणि तिथली गंमत म्हणजे 'बीच' (beech) नावाच्या जंगली झाडांना ज्या वर्षी भरपूर बिया येतात त्याच्या पुढच्या वर्षी रानउंदीर वाढतात आणि पेशंटही, २०१२ मध्ये २८०० च्या वर गेले होते, त्यातले बरेच स्टुटगार्टच्या त्या भागातले जिथे आपल्या पुण्याची कितीतरी पोरं नोकरीला आहेत. माणसाकडून माणसाला होतो तो फक्त अर्जेंटिना-चिलीकडचा अँडीज व्हायरस, २०१८-१९ मध्ये एपुयेन नावाच्या छोट्या गावात ३४ जणांना झाला, ११ गेले.

आणि आपल्याकडे? १९६४ मध्ये वेल्लोरला चिचुंद्रीत एक हंताव्हायरस सापडलाय, पण त्याने माणूस आजारी पडतो असं सिद्ध झालेलं नाही. मुंबई-कोकणात पावसाळ्यात उंदरांमुळे माणसं दगावतात ती लेप्टोने, आणि तो तर व्हायरसही नाही, बॅक्टेरिया आहे, पण त्याच्यावर फॉरवर्ड येत नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी कुठला हंता ते हेडिंगमध्येच द्या, शेजारी छोटा नकाशा टाका. आणि उंदरांच्या लेंड्या पडलेली बंद खोली कोरडी झाडू नका, आधी दारं-खिडक्या उघडून ब्लीचचं पाणी मारा, हे दोन ओळींत छापलंत तरी पुरे.

आपला एक वाचक,
ठाणे